उंबरा, ओटा आणि हिरवी नळी

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या यात्रेला, यांच्या आत्या बार्शीहून आल्या होत्या. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्याजवळ उभं राहून सातही नंदीध्वज, यात्रेतल्या त्या उंच सजवलेल्या काठ्या, डोळे भरून बघायचे, एवढीच त्यांची इच्छा. ते काही झालं नाही. रिक्षातून उतरल्या, आमच्या पायऱ्या चढल्या आणि शेवटच्या पायरीला अडखळून थेट उंबऱ्यावर. डाव्या मनगटाला प्लास्टर. दवाखान्यातून परत येताना म्हणाल्या, "सिद्धेश्वराच्या आधी तुझ्या उंबऱ्यालाच दंडवत घातला बघ." त्या हसल्या. मला हसू येईना, कारण वर्षभरात त्या पायरीवर ठेचकाळलेल्या त्या चौथ्या. आधी पोस्टमन, मग कुकर दुरुस्तीवाला, मग माझी जाऊ.

घर जुळे सोलापुरात, मामंजींनी १९९४ साली बांधलेलं. वीस बाय पन्नासचा प्लॉट, तोंड पश्चिमेला, खाली शहाबादी फरशी. फाटक, अंगण, पायऱ्या, उंबरा, हॉल, मधली खोली आणि शेवटी स्वयंपाकघर, असं सगळं एका ओळीत. आगगाडीच्या डब्यासारखं. फाटकात उभ्या असलेल्या माणसाला आमच्या सिंकमधली खरकटी भांडी दिसतात. वीस वर्षं मी हळदीकुंकवाच्या दिवशी सिंकवर परात पालथी घालत आलेय.

आणि पाणी. सोलापूरकराला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, आमच्या गल्लीत बहुतेक वेळा पहाटे तीन-साडेतीनला. अंगणाखाली हौद आहे, तो भरतो, मोटर लावली की वरच्या टाकीत जातं. पण सासूबाईंचा कायदा असा की पिण्याचं पाणी हौदातलं नाही, टाकीतलं तर नाहीच. नळाचं ताजंच पाहिजे. त्यामुळे पाण्याच्या दिवशी फाटकाजवळच्या नळाला हिरवी नळी जोडायची, ती पायऱ्यांवरून, उंबऱ्यावरून, हॉलमधून, दिवाणाला वळसा घालून स्वयंपाकघरातल्या पिंपापर्यंत न्यायची. पन्नास फूट नळी. दार उघडं, डास आत, शेजारचं मांजर आत, ओल्या शहाबादीवर पाय घसरतो तो वेगळा. आणि सासूबाईंची रांगोळी. त्या पहाटे पाचला उठून रांगोळी काढतात, वय अठ्ठ्याहत्तर, एक दिवस चुकवत नाहीत. पाण्याच्या दिवशी नळी गुंडाळताना ती रांगोळी दरवेळी अर्धी पुसली जायची.

आत्यांच्या प्लास्टरनंतर हे म्हणाले, आता दर्शनी भाग नीट करूच. मी म्हटलं, करणारच असाल तर स्वयंपाकघरही घ्या. माझी पाठ गेली दोन वर्षं कुरकुरतेय. पतसंस्थेत दिवसभर कॅश मोजायची, घरी आल्यावर वाकून भांडी घासायची. बस, एवढं बोललो आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. खरा पाऊस सोलापुरात पडत नाही इतका.

पहिला सल्ला दुकानाचा. मॉड्युलर किचनच्या एका दुकानात गेलो. एसी, कॉफी, समोर मोठा पडदा. त्या मुलाने वीस मिनिटांत आमचं स्वयंपाकघर पडद्यावर उभं केलं. लाल चकचकीत दारं, उंच कपाट आणि मधोमध ब्रेकफास्ट काउंटर, त्याला दोन उंच खुर्च्या. किंमत दोन लाख पंच्याऐंशी हजार. मी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी त्या खुर्च्यांकडे पाहिलं. म्हणाल्या, "ह्याच्यावर चढायला शिडी देतेत का ओ?" मुलगा बिचारा गोरामोरा झाला. चांगला होता, पण त्याने एकदाही विचारलं नाही की तुमच्याकडे बनतं काय. आमच्याकडे आठवड्याला चाळीसेक कडक भाकरी होतात. ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा, भाकरीची टोपली, शेंगाची चटणी कुटायचं दगडी उखळ, हे त्याच्या चित्रात कुठेच नव्हतं. उखळ तर आमच्याकडे जमिनीत बसवलेलं आहे, स्वयंपाकघराच्या ऐन वाटेत. तो म्हणाला, "ते काढून टाकू, मिक्सर आहेच की." मिक्सरमधून शेंगाची भुकटी निघते. चटणी हवी तर कुटायला लागतं, तेल सुटेपर्यंत. हे सोलापुरातल्या माणसाला मी सांगायचं?

दुसरा सल्ला वास्तूवाल्यांचा, यांच्या मित्राच्या ओळखीतून. गॅस आग्नेयेला आहे, ते पास. पण दारासमोरचा कडुलिंब तोडा म्हणाले. आमच्या पश्चिमेच्या दाराला मे महिन्यात दुपारी जे ऊन लागतं ते ज्याने सोसलंय तो असं बोलणार नाही. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत त्या दाराची कडी हाताला चटका देते. दुपारनंतरचं ऊन तिरकं येतं, छज्जाच्या खालून सरळ घरात शिरतं, म्हणून पश्चिमेला छज्जा कितीही पुढे काढा, उपयोग थोडाच. तिथे उभा आडोसा लागतो, जाळी, चिक नाहीतर झाड. आमचा आडोसा तो कडुलिंब आहे. दक्षिणा दिली, चहा दिला, झाड ठेवलं.

कामाचा पहिला सल्ला मिळाला तो भाच्याकडून. माझ्या बहिणीचा मुलगा, पुण्यात एका आर्किटेक्टकडे काम करतो. मी त्याला बारा फोटो पाठवले. त्याचा फोन आला, "मावशी, फोटोत सगळी स्वयंपाकघरं सारखीच दिसतात. एक वही घे. आठ दिवस लिही, काय उचलून कुठून कुठे नेतेस. आणि टेपने तीन अंतरं मोज: गॅस ते सिंक, सिंक ते फ्रिज, फ्रिज ते गॅस."

ही वही लिहिण्याचं काम मी यांच्यावर टाकलं. निवृत्त माणसाला काम लागतंच. हॉलमध्ये पेपर वाचता वाचता रेघा मारायच्या. पहिल्याच दिवशी सकाळी सहा ते साडेआठ या वेळात मी फ्रिजकडे तेवीस वेळा गेले. आमचा फ्रिज हॉलमध्ये. का, तर २००३ साली घेतला तेव्हा चार लोकांना दिसावा म्हणून तिथे ठेवला, तो तिथेच राहिला. गॅसपासून एकोणीस फूट. जाऊन येऊन अडतीस. गुणिले तेवीस, म्हणजे आठशे चौऱ्याहत्तर फूट, ते नुसत्या दूध-कोथिंबीर-लोण्यासाठी. यांनी तो गुणाकार वहीत लाल पेनने केला आणि काही न बोलता वही माझ्यासमोर ठेवली. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण माझ्या चालण्याचा हिशेब त्यांनी पहिल्यांदाच मांडला.

भाच्याने समजावलं की या तीन ठिकाणांचा त्रिकोण धरतात. एकेक बाजू चार ते नऊ फूट असावी, तिन्ही मिळून साधारण तेरा ते सव्वीस. आमची बेरीज बेचाळीस. मग त्याने एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या सरकारी घरांसाठी स्वयंपाकघर आखलं. जवळपास १.९ मीटर बाय ३.४ मीटर. बायका कुठून कुठे किती पावलं टाकतात याचा अभ्यास करून, आणि रेल्वेच्या डब्यातल्या स्वयंपाकघराकडे बघून. तशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बांधली गेली. आजची ही सगळी मॉड्युलर दुकानं त्या बाईंची नातवंडं. मी फूट करून पाहिलं तर सव्वासहा बाय अकरा. आमचं त्याहून मोठंच! इतकी वर्षं मी "जागाच नाही" म्हणून रडत होते.

फ्रिज मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून आणला. एक प्लग पॉइंट ओढून घ्यावा लागला, इतकंच. गॅसपासून आठ फूट. त्रिकोणाची बेरीज एकवीस झाली. खर्च साडेसहाशे रुपये.

पाठीचं उत्तरही त्यानेच शोधायला लावलं. ओटा साडेतेहतीस इंच. मी पाच फूट एक इंच. उभं राहून कोपर वाकवलं की जमिनीपासून कोपर अडतीस इंच. चिरण्या-कापण्याला कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली हात चालतो, म्हणजे ओटा बरोबरच होता! मग दुखतं का? तो म्हणाला, "सिंकचा तळ मोज." तळ पंचवीस इंचांवर. भांडी काही आपण ओट्यावर घासत नाही, त्या तळाला घासतो, साडेआठ इंच खाली वाकून. आणि उलट गॅसकडे शेगडी पाच इंचांची, वर पातेलं सात इंचांचं, म्हणून ढवळताना खांदा वर. एका उंचीचा ओटा हा मुळात घोळच आहे. हात प्रत्येक कामाला वेगळी उंची मागतो. सिंक बदलायचं म्हणजे कडप्पा फोडायचा. त्याऐवजी मंगळवार बाजारातून चार इंच पायांची स्टीलची जाळी आणून सिंकमध्ये ठेवली, तिच्यावर भांडं ठेवून घासायचं. दीडशे रुपये. पाठ पूर्ण थांबली असं नाही म्हणणार, पण रात्री शेकायची पिशवी आता रोज लागत नाही.

सासूबाईंचा प्रश्न मात्र वहीत सापडला नाही. तो मला एका रविवारी त्यांच्यामागे उभी असताना दिसला. त्या भाकरी थापत होत्या. पूर्वी जमिनीवर बसून थापायच्या. गुडघे गेल्यापासून ओट्यावर काठवट ठेवून उभ्याने थापतात. उकळीचं पाणी घातलेलं पीठ त्या तळहाताच्या गादीने पुढे लोटतात, गोळा करतात, पुन्हा लोटतात. मग चपट्या गोळ्यावर उजवा हात पडत राहतो, थप थप थप, आणि भाकरी आपोआप फिरल्यासारखी काठवटीत गोल फिरत वाढते. पण सासूबाई चार फूट दहा. ओटा साडेतेहतीस, वर काठवट तीन इंच. त्यांचा हात जवळजवळ कोपराच्या रेषेत पडत होता. भाकरीला वजन द्यावं लागतं आणि ते त्यांना मिळत नव्हतं. म्हणून त्या प्रत्येक थापेला टाचा वर करत होत्या. चाळीस भाकऱ्या, प्रत्येक थापेला टाचा वर. किती वर्षं करत असतील हे? मी विचारलं तर म्हणाल्या, "मग काय करू? ओटा काय खाली येतोय व्हय?"

म्हटलं, आणू की खाली.

आता मिस्त्रींबद्दल. आमच्या मागच्या गल्लीतले, साठीचे, घरात तेलुगू बोलणारे, आमच्याशी मराठी आणि सिमेंटच्या गोण्या उतरवणाऱ्यांशी कानडी. सोलापुरात हे काही विशेष नाही. त्यांना मी बुधवारी सकाळी बोलावलं होतं, ते आले पहाटे साडेपाचला, कारण ऊन चढायच्या आत बघून जायचं होतं. आणि नेमका तो पाण्याचा दिवस. पायऱ्या चढता चढता त्यांचा पाय नळीत अडकला. पडले नाहीत, दाराची चौकट धरली. मग तिथेच उंबऱ्यावर बसून पाचेक मिनिटं ते नुसते नळीकडे बघत राहिले. नळी कुठून येते, कुठे जाते. शेवटी म्हणाले, "वैनी, तुमचं दार आणि स्वयंपाकघर अशी दोन कामं नाहीत. एकच काम हाय. ही नळी."

दुकानाच्या पडद्यावर, वास्तूच्या होकायंत्रात, माझ्या वहीतसुद्धा जे आलं नव्हतं ते त्या माणसाने ठेच लागून पाहिलं. म्हणाले, दक्षिणेच्या बोळातून भिंतीच्या कडेने पाऊण इंची जीआय पाइप घ्या, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, प्लास्टिक नको, उन्हात तडकतं. फाटकाजवळ एक कॉक. आणि स्वयंपाकघरात नळ ओट्यावर घेऊ नका, खाली घ्या, जमिनीपासून फूटभर. "पहाटेचं प्रेशर तेवढंच असतंय. वर चढवाल तर करंगळीएवढी धार येईल." बोळात शेहेचाळीस फूट पाइप बसला. मजुरीसकट चार हजार तीनशे.

मग त्यांनी पिशवीतून पारदर्शक लेव्हल नळी काढली. ही नळी मी लहानपणापासून गवंड्यांच्या हातात पाहत आलेय, पण तिच्यात वाकून कधी बघितलं नव्हतं. एक टोक यांच्या हातात, एक मिस्त्रींच्या. आतलं पाणी हलतं, डचमळतं, मग दोन्हीकडे एकाच उंचीला येऊन स्वस्थ उभं राहतं. तिथे पेन्सिलीची खूण. अशा खुणा करत करत त्यांनी पायऱ्यांचे आकडे सांगितले: तीन इंच, पावणेआठ, सात, सव्वाआठ. चार पायऱ्या आणि चारही वेगळ्या. कारण सरळ होतं. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा वर आला, रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून आम्ही अंगण पाच इंच भरून घेतलं आणि पहिली पायरी पुरली गेली. जिना चढताना माणूस पायाकडे बघत नाही. पहिल्या एक-दोन पायऱ्यांत पायाला अंदाज येतो आणि पुढचं पाऊल तो त्याच अंदाजाने टाकतो. आमच्याकडे पायाला तीनचा, मग पावणेआठचा, मग सातचा अंदाज द्यायचा आणि शेवटी सव्वाआठ ठेवायचे, वर लगेच अडीच इंचाचा उंबरा. पाय टेकायला सपाट जागाच नाही. आत्या पडणार नाहीत तर काय.

एकूण सव्वीस इंच. चार पायऱ्या साडेसहा-साडेसहाच्या. पाऊल ठेवायला बारा इंच, पूर्वी दहा होते. आणि दारापुढे तीन फूट सपाट जागा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. स्कूटीची जागा गेली म्हणून हे आठ दिवस धुसफुसत होते. ग्रॅनाइट लावू का असं मिस्त्रींनी विचारलं, मीच नको म्हटलं. पॉलिश न केलेली शहाबादीच घेतली. शहाबाद इथून काही फार लांब नाही, कलबुर्गीच्या थोडं पुढे, आणि ओल्या पायाला ती खडबडीत फरशी धरून ठेवते. एका बाजूला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला सतरा इंच उंचीचा छोटा कट्टा. कट्ट्याखाली चपलांचे दोन खण, म्हणजे पायरीवर चपला पडायच्या बंद. सासूबाई आता त्यावर बसून चप्पल घालतात, आणि बसल्या की शेजारच्या अक्काही येऊन बसतात, मग चप्पल घालायचं राहून जातं.

उंबऱ्यावरून वाद झाला. भाचा म्हणाला काढा, म्हाताऱ्या माणसांना अडथळा. सासूबाई म्हणाल्या, मी गेल्यावर काढा. मिस्त्री म्हणाले, भाद्रपदात पश्चिमेकडून झड येते तेव्हा पाणी कोण अडवणार? उंबरा राहिला. आता त्याच्यापुढे सपाट जागा असल्यामुळे तो दिसतो तरी.

आतमध्ये खिडकीजवळच्या शेगडीला वारं लागून ज्योत हलायची, ती दोन फूट सरकवली. ओट्याखालच्या कप्प्याला दारं लावली, पण सिलेंडरच्या कप्प्याला खालून जाळी ठेवली; गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, बंद कपाटात त्याला वाट नको का? आणि उखळ होतं तिथून उचलून कोपऱ्यात नेलं. तिथे भक्कम विटांचा अडीच फूट लांब, सत्तावीस इंच उंच छोटा ओटा केला. त्याच्या शेजारी जमिनीत उखळ. छोट्या ओट्यावर जुनाच कडप्पा टाकला, ज्यावर चिंचेच्या पाण्याचे पांढरट डाग पडलेत. मी नवीन घेऊया म्हणत होते. सासूबाई म्हणाल्या, हे डाग माझ्या हातचे आहेत, राहू दे.

सत्तावीस अधिक काठवटीचे तीन, तीस इंच. पहिल्या रविवारी त्यांनी थापायला घेतलं आणि मी मुद्दाम खाली बघत उभी राहिले. टाचा जमिनीवर. त्या म्हणाल्या, "काय बघतीस गं?" मी म्हटलं, काही नाही.

सगळं मिळून एकसष्ट हजार झाले. सिंक अजून फाटकातून दिसतं. त्यासाठी मधल्या दाराला पडदा लावायचा ठरलंय, चार महिने ठरलंच आहे.

परवा पाण्याचा दिवस होता. सव्वातीनला गजराने उठले, सवयीने नळी शोधायला बाहेर निघाले, मग आठवलं. बाहेर फाटकाजवळचा कॉक फिरवला, दार लावून आत आले आणि स्वयंपाकघरातल्या खालच्या नळापाशी बसले. आधी हवा निघाली, फुसफुस, मग धार. पिंप भरायला वीस मिनिटं लागली. हिरवी नळी अक्कांनी नेलीय, त्यांचंही दार-स्वयंपाकघर आमच्यासारखंच सरळ रेषेत. पाचला सासूबाईंनी दार उघडलं. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांचं कासव काढून झालं होतं आणि त्या ठिपके पुरे करत होत्या. फरशी कोरडी होती. मी कडेकडेने उतरून दूध आणायला गेले.